तीन चाकांचा आठ

एकाच सकाळी, अर्ध्या किलोमीटरच्या अंतरात, माझ्या बायकोच्या दोन पावत्या फाडल्या. पहिल्या चौकातल्या पोलिसाने फाडली, कारण ती दोनचाकींच्या लेनमधून तीन चाकं घेऊन चालली होती. तो म्हणाला, मोटारींच्या लेनमध्ये जा. ती गेली. दुसऱ्या चौकातल्या पोलिसाने फाडली, कारण ती मोटारींच्या लेनमध्ये मोटारसायकल घेऊन आली होती. आता उरला फूटपाथ. या दुसऱ्याने वर लायसन्सही मागितलं. ते तिच्याकडे होतं, पण दोन चाकांचं.

"याला वेगळं लागतं, बाई," तो म्हणाला. "कुठलं ते मात्र ऑफिसात विचारा. तोवर ही गाडी चालवताना दिसलात तर उचलून नेईन."

मी वेल्डर. लोखंड तापवायचा धंदा, आणि डोकंही त्याच वेगाने तापतं, असं आमची ही म्हणते. ही आरोग्य केंद्राची नर्स. घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, म्हाताऱ्यांची साखर तपासायची आणि त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकायच्या. सगळा गाव तिला सिस्टर म्हणतो. भांडण झालं की मीसुद्धा म्हणतो.

अडीच वर्षांपूर्वी ती नेहमीसारखी माझ्या मोटारसायकलवर मागे बसली होती. कोणीतरी मागून हॉर्न मारला, मारतच राहिला, आणि मी डोक्यात राख घालून घेतली. डावीकडून ट्रकला ओलांडायला गेलो आणि गाडी घसरली. मला नुसतं खरचटलं. तिच्या घोट्याचा चुरा झाला. आता तो वाकत नाही, आणि गाडी तोलायला तो पाय टेकवता येत नाही. यावरून ती मला आजवर एक शब्द बोललेली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून मी तीच मोटारसायकल मधोमध कापली आणि मागे एकाऐवजी दोन चाकं बसवली. सहा महिने खपलो. थांबली तरी पडत नाही, पाय टेकवायची गरज नाही. ही तिच्यावर बसली, गल्लीतून एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "ब्रेक जरा कडक आहे." आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं, महिनाअखेरपर्यंत गाडीचं लायसन्स आणून दाखवा, नाहीतर तुमची घरं दुसरीला द्यावी लागतील आणि तुम्हाला केसपेपरच्या खिडकीवर बसावं लागेल. तेवीस घरं होती तिची. त्या रात्री ही नीट जेवली नाही. "खिडकीत बसवलं तर मी नाही हो टिकायची," एवढंच म्हणाली.

लायसन्सच्या ऑफिसात एक नंबरची खिडकी दोनचाकीची. तिथल्या चष्मेवाल्या कारकुनाने फोटो पाहिला, चाकं मोजली आणि म्हणाला, "तीन नंबरला जा." तीन नंबरला भाड्याच्या तीनचाकींचं काम. तिथल्या बाईंनी विचारलं, मीटर कुठे आहे? मी म्हटलं, ही भाड्याने नाही, ही माझ्या बायकोची आहे. त्या म्हणाल्या, मग चार नंबर. चार नंबरवाला म्हणाला, मोटारीला स्टिअरिंग लागतं, हिला हँडल आहे. एक नंबरला जा.

"अहो, तिथूनच आलोय," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण रांग शांत झाली.

हिने माझी बाही ओढली. "तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या. मी बघते."

मी तीन चहा घेतले. परत आलो तर ही आतल्या खोलीत परीक्षक साहेबांसमोर बसली होती आणि साहेब नियमांचं पुस्तक चाळत होते. बुटके, कडक इस्त्रीचे, बोलताना बोट कायम पानावर. ऑफिसात त्यांना मागून 'कलम' म्हणत. पुस्तकात नाही ते त्यांच्या लेखी जगातच नाही. पण पुस्तकात असलं तर साक्षात मंत्र्यालाही ते हलू देत नसत, असंही लोक सांगत.

"आहे," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "तीन चाकांची मोटारसायकल. पान एकशे बारा. बावीस वर्षांत पहिल्यांदा उघडलं मी हे पान. लेन मोटारींची. परीक्षा मोटारसायकलची."

"म्हणजे रस्त्यावर मोटार आणि परीक्षेला मोटारसायकल?" मी विचारलं.

"लिहिलंय तसं," साहेब म्हणाले.

मोटारसायकलची परीक्षा म्हणजे आठ काढायचा. मैदानात पांढऱ्या पट्ट्यांचा एक चौकोन आखलेला असतो. त्याच्या आत आठ काढायचा, चाक पट्टीबाहेर जाऊ द्यायचं नाही, मध्ये थांबायचं नाही. दोन चाकांवर पोरंसोरं काढतात, कारण गाडी झुकते. माझी झुकत नाही. झुकू नये म्हणून तर मी सहा महिने मरमर मेलो होतो.

पहिल्या परीक्षेला दुसऱ्याच वळणावर तिचं मागचं चाक पट्टीबाहेर गेलं. साहेबांनी शिट्टी वाजवली. "पुढचा शुक्रवार," ते म्हणाले. पुढचा शुक्रवार म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस.

आठवडाभर आम्ही वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत खडूने चौकोन आखून सराव केला. पुढचं चाक किती वळवलं तरी मागची दोन ऐकत नव्हती. मी मडगार्ड कापून पाहिले, हँडल बदललं, शेवटी हात टेकले. गाडी रुंद होती ती होतीच. चौकोन लहान होता तो होताच. गुरुवारी संध्याकाळी मी तिला म्हणालो, "चुकलं माझं. तुझ्यासाठी केलं आणि तेही धड झालं नाही."

ती रोजच्यासारखी रुग्णांची वही लिहीत बसली होती. तारीख, ताप, नाडी, साखर. डोकं वर न करता म्हणाली, "उद्या इस्त्रीचा शर्ट घाला. साहेबांना बरं वाटेल."

शुक्रवारी तिला बसने पाठवून मी गाडी घेऊन गेलो. साहेब पुस्तक काखेत मारून मैदानात उभे होते. हिने साडीचा पदर खोचला, गाडीवर बसली, चौकोनाच्या एका कोपऱ्यातून आत शिरली. सरळ तिरकी वर गेली. वर पोचल्यावर एक सैलसर वळण घेतलं आणि दुसऱ्या बाजूने तिरकी खाली उतरली. कोपऱ्यात येऊन थांबली. इंजिन बंद केलं.

मी कपाळाला हात लावला. घाबरून अर्ध्यातच सोडलंन म्हणायचं.

"पुढे?" साहेब म्हणाले.

"झालं," ही म्हणाली. "काढला आठ."

"हा कुठला आठ?"

"आपला."

साहेबांनी मैदानातल्या चाकांच्या खुणांकडे पाहिलं. आदल्या दिवशी टाकलेल्या बारीक खडीत स्वच्छ उमटला होता: वर शेंडा, दोन्हीकडे उतार. ८. पहिलीतल्या पोराच्या पाटीवर असतो तसा.

"बाई, आठ म्हणजे इंग्रजी आठ. सगळं जग तोच काढतं," साहेब म्हणाले.

"असेल," ही म्हणाली. "पण मी सव्वीस वर्षं वहीत हाच लिहितेय. पुस्तकात कुठला दिलाय?"

मला वाटलं आता साहेब भडकणार. ते भडकले नाहीत. पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि ओळ आधी मनात वाचली. मग मोठ्याने वाचलं, "'उमेदवाराने दिलेल्या चौकोनात न थांबता आठ, आकड्यात ८, काढून दाखवावा.'" आणि पान माझ्यापुढे धरलं, जणू मी साक्षीदार. छापणाऱ्याने मराठी पुस्तकात मराठी आकडा टाकला होता. तो तरी दुसरं काय टाकणार?

"चाक बाहेर गेलं का?" साहेबांनी स्वतःलाच विचारलं. "नाही. मध्ये थांबल्या का? नाही." मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मवर सही केली. "आजपासून ही ओळ दुरुस्त करायला पाठवतोय," ते म्हणाले. "पण आज ती अशी आहे."

माझा जीव भांड्यात पडला. मला रडूच आलं, आणि ते लपवायला मी गाडीकडे गेलो, किक मारायला पाय उचलला.

"थांबा," साहेब म्हणाले. "ही गाडी इथवर कोणी आणली?"

"मी. तिला लायसन्स नव्हतं म्हणून."

"तुमच्याकडे कसलं आहे?"

"मोटारसायकलचं. बत्तीस वर्षांचं," मी छाती काढून म्हणालो.

"दोन चाकांचं," साहेब म्हणाले. "उतरा."

मी उतरलो. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गाडीवरून मला कोणी उतरवलं. माझी कानशिलं तापली. हिने पदर पुन्हा खोचला, लायसन्सची पावती ब्लाऊजमध्ये सरकवली, हँडल हातात घेतलं आणि म्हणाली, "बसा मागे."

मुख्य रस्त्यावर ती मोटारींच्या लेनमध्ये शिरली. मी मागे बसलो होतो. मागे बसल्यावर कळलं, पुढचं काहीच दिसत नाही. ब्रेक कधी लागणार, वळण कधी येणार, समोर ट्रक आहे की मोकळा रस्ता, काही म्हणजे काही नाही. पुढच्याची पाठ दिसते, तेवढीच. एका मोटारवाल्याने मागून हॉर्न मारला. मारतच राहिला. मी हिचा खांदा घट्ट पकडला.

तिने ना वेग वाढवला, ना मागे पाहिलं. त्याला जायचं तसा तो निघून गेला.

"भीती वाटतेय का हो?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मला रोज वाटायची," ती म्हणाली, आणि हात दाखवून सावकाश उजवीकडे वळली.