कालमुरातचं तोतरेपण

सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली नसतील, तोवर एसेनामानच्या मस्तकात तिडीक गेली. कोचकोर गावचं सांस्कृतिक भवन खच्चून भरलं होतं आणि लोक पोट धरधरून हसत होते. कादंबरी त्याची. ती लिहिली म्हणून त्याची मास्तरकी गेली होती आणि अकरा वर्षं वीटभट्टीवर राबावं लागलं होतं. आणि पडद्यावर मात्र तिची खीर झाली होती.

कादंबरीतला मेंढीफार्मचा डायरेक्टर म्हणजे सरळसरळ इथल्या फार्मचा खरा डायरेक्टर शार्शेन. एका हिवाळ्यात वरच्या साहेबांची शाबासकी मिळवायला त्यानं फार्मचा सगळा चारा शेजारच्या जिल्ह्याला पाठवला. चारशे मेंढ्या उपाशी मेल्या. खापर फुटलं कालमुरात मेंढपाळावर. तीन वर्षं तुरुंगात गेला बिचारा. पडद्यावरचा डायरेक्टर मात्र मेंढीच्या गळ्यात पडून रडत होता, बायकोच्या भीतीनं पलंगाखाली लपत होता. लोकांना तो आवडला होता. आणि खरा शार्शेन, पंच्याऐंशीचा, पहिल्या रांगेत मांडीवर थापा मारत खदखदत होता. सिनेमाला पैसा त्याच्याच मुलाचा.

एसेनामान शेजारी बसलेल्या दिग्दर्शकाच्या, नुरदानच्या, कानाशी लागला.

"हा मी लिहिला नाही. माझा डायरेक्टर हलकट होता."

"बाइके, दादा, हलकटाला दोन तास कोण बघतंय?" नुरदान पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "हसतायत ना? मग झालं तर."

शेवटाकडे कोर्टाचा प्रसंग आला. मेंढपाळ पिंजऱ्यात उभा राहून "मे-मे-मे" करू लागला आणि न्यायाधीश म्हणाला, "मेंढी बोलावलीय की आरोपी?" भवन हादरलं. मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली आणि लोकांचे पाय तुडवत बाहेर गेली. पांढरा रुमाल, वाकलेली पाठ. एसेनामाननं ओळखलं. कालमुरातची बायको, बात्मा. तो मागोमाग धावला.

पायऱ्यांवर ऊन होतं. ती कठड्याला धरून उभी होती.

"एजे, ताई, बघितलंस ना काय केलं यांनी? माझ्या पुस्तकाची पार माती केली!"

"ते मेंढीचं वाक्य कुणाचं?"

त्यानं मागं भवनाच्या दाराकडे पाहिलं.

"मी वाचलंय तुझं पुस्तक. वाक्य तुझंच आहे. अरे, माझा नवरा तोतरा नव्हता! गाव गोळा व्हायचं त्याचं गाणं ऐकायला. कोर्टात तर तोंडच उघडू दिलं नाही त्याला. तुरुंगातून आला तेव्हा जीभ अडखळायची. ते तू त्याच्या आधीच्या तोंडात कोंबलंस. कशाला रे?"

कारण एसेनामानला ठाऊक होतं. ते प्रकरण लिहिताना फार रडकं होत होतं. तोतरेपण सुचलं तेव्हा तो एकटाच मोठ्यानं हसला होता आणि बायकोला हाक मारून वाचून दाखवलं होतं.

"शार्शेननं त्याला आत टाकला," बात्मा म्हणाली. "लोकांना हसायला तू ठेवलास."

आतून टाळ्यांचा कडकडाट झाला. सिनेमा संपला होता. आयोजक बाहेर येऊन त्याला दंडाला धरून मंचावर घेऊन गेले. शार्शेन मखमली चापान, लांब अंगरखा, हातावर घेऊन उभा होता, सत्काराला.

"ये, ये, लेखका! मला शिव्या घालता घालता अमर केलास की रे! घाल हात बाहीत."

एसेनामाननं हात मागे बांधले. "तुझ्या हातचं कफनसुद्धा घेणार नाही मी."

लोकांना वाटलं, विनोद. हशा पिकला. मग त्यानं माईक ओढला.

"हसू नका. चारा ह्यानं पाठवला. मेंढ्या ह्यानं मारल्या. तुरुंगात गेला कालमुरात, आणि तो तोतरा नव्हता. ते मी घुसडलं, तुम्ही हसावं म्हणून. खोटं आहे ते. ह्याच्याइतकाच मीही नालायक."

भवनात शिट्ट्या सुरू झाल्या. "उतरवा त्या थेरड्याला!" कुणीतरी ओरडलं. शार्शेनचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "वीटभट्टी कमी पडली का रे तुला?" तो दात खाऊन म्हणाला. नुरदाननं माईक हिसकावला. "आमचे बाइके भावनेच्या भरात आहेत," असं हसत सांगून त्यानं वादकांना खूण केली. बाजा सुरू झाला.

एसेनामान मधल्या वाटेनं निघाला. लोकांनी पाय आखडून घेतले. फार्मवरचे दोन जुने मेंढपाळ तेवढे टोप्या काढून उभे राहिले. दारात बात्मा होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"एजे, पुस्तक पुन्हा छापणार आहेत. ते पान मी बदलतो."

"बदल. बदलायलाच हवं." तिनं रुमालाची गाठ आवळली. "पण ते दाखवायला माझ्या घरी येऊ नकोस. आलास तर कुत्रं सोडीन."

ती पायऱ्या उतरून बसथांब्याकडे चालू लागली. एसेनामानलाही त्याच बसनं जायचं होतं. तिला घेऊन बस नजरेआड होईपर्यंत तो पायऱ्यांवरच उभा राहिला आणि मग पायी घरी गेला.