चौथ्या चाकाची पाठ

गाडी रविवारी जायची होती आणि त्याआधी दादाला माझ्याकडून कागद हवा होता. गिऱ्हाइकांना देते तसाच. चाक अमक्या कारखान्याचं, अमक्या साली ओतलेलं, अस्सल आहे की नक्कल, आणि खाली माझी सही.

"तीन खरी, एक खोटं, असं लिही," तो म्हणाला. "आणि खोटं कुणी बसवलं ते नावानिशी लिही. लेकीला कळू दे."

हे सांगताना तो माझ्या दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर मान मागे टाकून बसला होता आणि मी त्याच्या डोळ्यांत थेंब घालत होते. डोळ्यांनीच दगा दिला म्हणून तर गाडी लेकीकडे चालली होती. खोटं चाक कुणी बसवलं हे त्याने अठरा वर्षं मनात ठेवलं आणि गेल्या आठवड्यात एकदाचं तोंडाबाहेर काढलं. नळीने.

नळी म्हणजे दादाचा एके काळचा जिवलग. इंजिनाला रबरी नळी लावायची, दुसरं टोक कानात खुपसायचं आणि "हिला दमा आहे" किंवा "हिचं तिसरं सिलिंडर रुसलंय" असं निदान करायचं, म्हणून तो नळी. शेवटी शेवटी त्याची आईसुद्धा त्याला याच नावाने हाक मारायची. ही गाडी मुळात त्याची. दादाला विकताना म्हणाला होता, तुझ्याकडे राहिली तर बघायला तरी मिळेल. पुढची दहा-बारा वर्षं दर सुट्टीला दोघे तिच्याखाली लोळत असत. बाहेर फक्त चार पाय. कुठले कुणाचे ते चपलांवरून ओळखायचं.

मग एक दिवस दादाने त्याचं नाव टाकलं. मी विचारलं, तर म्हणाला तो विषय नको. वहिनीला जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. घरात नको असलेले विषय बरेच होते, त्यात हा एक. मी नाद सोडला.

गेल्या आठवड्यात कळलं ते असं. वहिनी गेल्यावर हाताला काही काम हवं म्हणून दादाने चारही चाकं उतरवून धुतली होती. तीन चाकांच्या पाठीवर कारखान्याचा आकडा होता, चौथ्याची पाठ कोरी. आकडा नाही म्हणजे नक्कल. नक्कल म्हणजे विकण्याआधी नळीने एक खरं चाक काढून स्वतःकडे ठेवलं. मी विचारलं, त्याला विचारलंस का? तर म्हणे, चोराला काय विचारायचं? आणि वर असंही म्हणाला की त्याने एका शब्दाने मागितलं असतं तर मी चारही दिली असती. यात विसंगती आहे हे मी त्याला सांगितलं नाही. त्रेपन्न वर्षांची झाले तरी त्याच्या लेखी मी बारकीच आहे, आणि बारकीने विसंगती दाखवायच्या नसतात.

"आधी बघू दे," एवढंच म्हणाले. "न बघता मी कागद देत नाही."

ही चाकं गाडीबरोबर आलेली नव्हेत. ज्यांना शर्यतीची हौस होती ते कंपनीची लोखंडी चाकं काढून ही वरून बसवायचे. एका लहानशा ओतशाळेने तीनेक वर्षं ती केली आणि मग ओतशाळाच बंद पडली. आठ पाकळ्या, मधे खोलगट वाटी, आणि वजनाला इतकी हलकी की पहिल्यांदा उचलणारा फसतो. हात उगाच वर जातो. पुढे नकला निघाल्या. पुढून बघाल तर सख्ख्या बहिणी. ओळखायचं ते मागून.

मी हे कुठे शिकले नाही. नवरा पुढे टायर विकतो, मी मागच्या खोलीत वाकडी चाकं सरळ करते. करता करता कळत गेलं. आता लांबलांबून लोक फोटो पाठवतात आणि विचारतात, मॅडम, हे काय आहे? नव्वद टक्के वेळा ते काहीच नसतं. ते त्यांना हळुवारपणे कळवण्यातच माझा निम्मा दिवस जातो.

तर मी जॅक लावला. रोजच्या कामाने मनगटं आधीच भरून आलेली असतात आणि तरी नट सोडायचे असतात. चारही चाकं उतरवली, टायर काढले, एकेक वजनकाट्यावर ठेवलं. नक्कल दीड किलोने तरी जड भरते. ही चारही एका मापाची, फरक चमचाभराचा. पाकळ्यांच्या पाठी बघितल्या. खऱ्या चाकात प्रत्येक पाकळी मागून पोकळ असते, होडीसारखी. नकलेत ती सपाट, कारण पोकळ ओतायला कसब लागतं. चारही चाकांना बत्तीस होड्या. नट बसतात त्या भोकांचा उतारही चारही ठिकाणी तोच.

दादा पंख्यासमोर बसून आवाजावरून अंदाज घेत होता. मधूनच म्हणाला, "चौथं आलं का?"

आलं होतं. मागचं डावं. तिसऱ्या पाकळीखाली जिथे उठावाचा आकडा हवा तिथे खरंच काही नव्हतं. जाडी मोजायला कॅलिपर लावला. तेवढ्याच जागी धातू नखभर पातळ. थिनरचा बोळा फिरवला, दिवा तिरपा धरला.

जागा मुळात कोरी नव्हती, घासलेली होती. ग्राइंडरचे बारीक ओरखडे, एकावर एक, डावीकडून खाली उजवीकडे उतरलेले. आणि कडेला एक अर्धगोल खाच, नवशिक्याचा हात दचकल्यावर पडते तशी. बाकीच्या जगाचे ओरखडे दुसऱ्या बाजूला उतरतात. मी डावरी आहे.

माणसाला स्वतःचं अक्षर ओळखू येतं ना, तसं ते मला ओळखू आलं. दिवा विझवला, पुन्हा लावला. ओरखडे तिथेच.

मग सगळं आठवलं. दादा दोन महिने कामासाठी बाहेरगावी होता आणि वहिनी एका दुपारी हे चाक ओढणीत गुंडाळून रिक्षाने घेऊन आली होती. दादाच्या मागे ती गाडी बाहेर काढायची. गाडी खड्ड्यात गेली, चाकाची कड वाकली. तो यायच्या आत सरळ करून दे, आणि त्याला कधीही सांगू नकोस, शप्पथ. मला या कामात जेमतेम चार महिने झाले होते. कड सरळ केली. ती छान झाली म्हणून हुरूप आला आणि मी चाक पालथं घातलं. मागे डांबराच्या पुटाखाली काहीतरी खडबडीत हाताला लागलं. मला वाटलं ओतताना राहिलेली घाण. कुणी नीट साफ केली नव्हती, तर मी केली. वहिनीला वर कौतुकाने दाखवलंसुद्धा, बघ, मागूनही कसं गुळगुळीत केलंय.

"काय दिसतंय?" दादाने विचारलं.

सही करायचं पेन माझ्या खिशातच होतं. मी म्हणाले, "चाक खरं आहे. चारही खरी आहेत."

"मग आकडा?"

"ओततानाच राहिला असेल. साचा झिजला की कधीकधी उमटत नाही."

हे सुचायला मला क्षणही लागला नाही. खोटं बोलताना डोकं किती झरझर चालतं, एरवी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही.

पंखा एका बाजूला वळला, परत आला.

"म्हणजे नळीने बदललं नव्हतं."

"नाही."

"मग चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही."

त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी बघितलं. नळी चोर नाही याचा आनंद मी शोधत होते. तो कुठेतरी असेलही, पण वर दिसली ती सुटका. चूक कुणाचीच नाही म्हणजे त्याचीही नाही. "मग झालं तर," तो म्हणाला. "लिही, चारही खरी. संपला विषय. चहा सांग."

मी चहा सांगितला आणि कागद पुढ्यात घेतला. नळीचं घर माझ्या दुकानापासून गाडीने दहा मिनिटांवर. ते दार वाटेत लागू नये म्हणून दादा अठरा वर्षं लांबचा रस्ता घेऊन दवाखान्यात जातो. चूक कुणाचीच नसेल तर कुणालाच कुठे जायला नको. तो तिथे, हा इथे, गाडी लेकीकडे, आणि कागदावर माझी झोकदार सही.

खरं सांगायचं तर मी दमले होते. आत्ता, या वयात, एवढं कुठे उकरायचं? पण न उकरता ते तसंच ठेवायचं, हेही काही कमी दमवणारं नाही, एवढं मला अर्धा कप चहात कळलं.

"दादा, साचा झिजला नव्हता. आकडा मी घासला."

त्याने मान वळवली. त्याला मी ढग दिसते, असं तो सांगतो. त्या ढगाकडे तो बघत राहिला. मी त्याचा हात धरून चाकाजवळ आणला, बोट त्या जागेवर ठेवलं आणि सगळं सांगितलं, वहिनीच्या शप्पथेसकट. त्याचं बोट तेवढ्याच जागेवर मागेपुढे फिरत राहिलं.

"ती गाडी चालवायची?"

"चांगली चालवायची. तो एक खड्डा सोडला तर."

वाटलं, आता तो माझ्यावर ओरडेल. निदान त्याने ओरडावं. तो फक्त म्हणाला, "अठरा वर्षं, बारके." मग कप खाली ठेवला. "चाकं बसव. तू चालव."

नळीचं घर होतं तिथेच होतं, फक्त फाटकाला गंज चढला होता. दार त्याच्या बायकोने उघडलं. आम्हाला बघून ती आत गेली आणि त्याला घेऊन आली. बनियनमध्ये, वाळलेला, आणि कानात श्रवणयंत्र. मला हसावं की रडावं ते कळेना. आख्ख्या शहराच्या इंजिनांचं ऐकणारा माणूस तो.

दादा वाटभर मनात जुळवत आला होता ते त्याने हळू आवाजात म्हटलं. नळीने कानाला हात लावला. "काय?"

"माझं चुकलं म्हणतोय."

"मोठ्याने बोल."

दादाने मोठ्याने सांगितलं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. चाक, आकडा, चोरी, सगळं त्याला रस्त्यावर उभं राहून ओरडून सांगावं लागलं. मधे मी ओरडले की नळीदादा, तो आकडा मी घासला होता. तर समोरच्या बाईनेच मान डोलावली, समजलं म्हणून.

नळी फाटकाला धरून उभा होता. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"चाकासाठी?" तो म्हणाला. "तू चाकासाठी बोलत नव्हतास?"

"मग तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, तुझ्या बायकोच्या आजारपणात मी दोनदाच येऊन गेलो, म्हणून." त्याने बायकोकडे बघितलं, तिने खाली. "मला तिच्याकडे बघवत नव्हतं रे. म्हटलं, बरोबर आहे त्याचं. मी तरी कुठल्या तोंडाने येऊ?"

गच्चीवरच्या बाईने एक चादर वाळत घातली.

"दोनदा आलेला तू एकटाच होतास," दादा म्हणाला. "बाकीचे एकदाच आले."

नळीने विचारलं, कुठलं चाक? मी दाखवलं. तो फाटकाबाहेर आला, गाडीला हात लावत लावत मागे गेला आणि कण्हत खाली बसला. पाकळ्यांच्या फटीतून बोटं घातली, मागची जागा चाचपली.

"घासलंय मात्र झकास, बारके," तो म्हणाला. "हाताला काही लागत नाही."

दादाही अंदाजाने त्याच्या शेजारी खाली बसला. मग दोघे तिथेच बसून राहिले, पाठी गाडीला टेकलेल्या, पाय रस्त्यावर. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही, आणि दोघांना आता आपलं आपण उठता येणार नाही हे मला दिसत होतं. त्यांना उठवायचं म्हणजे माझीच मनगटं. नळीच्या बायकोने मला पायरीवर जागा करून दिली. म्हणाली, बसू दे त्यांना, घाई काय आहे? मी बसले.