मुंजाबाचं वरीस

फर्दापूरकडं दुष्काळ असा पडला, की दोन वर्षांच्या बेडकांना पोहायला शिकवावं लागलं असतं. मुंजाबानं मेंढरं विकली, घराला कुलूप घातलं आणि वाघ्या कुत्र्याला घेऊन बजाजनगरात लेकाच्या फ्लॅटवर आला.

सोसायटीचे चेअरमन तात्यासाहेब फाटकातच आडवे आले. "लसीचं कार्ड?"

मुंजाबानं मुंडाशातून कार्ड काढलं.

"हे अडीच वर्षांपूर्वीचं! कुत्रं गावाकडं धाडा."

गावाकडं कुणाकडं? कुलपाकडं? मुंजाबानं मान ताठच ठेवली. "अडीच कशी व्हतील? मिरगाच्या आधी आमी मेंढरं टोचतो, त्याच रांगेत वाघ्या. मिरीग बरसला की नवं वरीस. दोन सालं थेंब नाय, मंग वरीस सरलं कुठं?"

"चला डॉक्टरकडं, तिथंच सांगा हे!" तात्यासाहेबांनी रिक्षा बोलावली. आपला पांढरा कुत्रा राजाही मांडीवर घेतला. त्याची नखं कापायची होती.

उस्मानपुऱ्यात डॉक्टर रत्नमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसू दाबत म्हणाल्या, "बाबा, आजाराला दुष्काळ नसतो. पिल्लू असताना तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस, वर्षानं पुन्हा, आणि रेबीजची लस दरसाल. पाऊस पडो न पडो."

"दरसाल? कोरड्या सालीबी?"

"व्हय, कोरड्या सालीबी."

वाघ्याला सुई टोचली. त्यानं हूं की चूं केलं नाही. बाईंनी नव्या तारखेचं कार्ड दिलं, मग राजाचं जुनं कार्ड उघडलं आणि भुवई वर नेली. "तात्यासाहेब, याला चार वर्षं झाली."

"हा... घरातच असतो हो. एसीत."

मुंजाबानं चेहरा अगदी भोळा केला. "अरारा! म्हंजे तुमच्या घरातबी पाऊस नाय?"

राजानं सुई पाहूनच आख्खा उस्मानपुरा डोक्यावर घेतला.

बाहेर आल्यावर मुंजाबानं खिशातून गेरूची पुडी काढली. टोचलेल्या मेंढराच्या पाठीवर ओढतात तशी लाल रेघ वाघ्याच्या पाठीवर ओढली, आणि बोट राजाकडं वळवलं.

"अहो, पांढरा आहे तो!"

"म्हणून तर उठून दिसंल, चेअरमन. खुणेबिगर आमी कळपात घेत नाय."

तात्यासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि राजाला पुढं केलं. रिक्षात बसताना खाली बघतच म्हणाले, "राहू द्या वाघ्याला. पण पुढच्या साली?"

"तुमी राजाला टोचाय काढलं की हाळी द्या. आमचं आभाळ लबाड हाय."