झुलीखालचे पंख

मी बोलतोय, पण माझं ऐकायला तुम्हाला जरा खाली वाकावं लागेल. माझी सगळी उंची तुमच्या अंगठ्याएवढी. दोन शिंगं, मानेमागे उंचवटा, पाठीवर मिटलेले पंख आणि आ वासलेलं तोंड. खोक्यावरच्या चित्रात मी काळाकुट्ट आहे आणि माझ्या तोंडातून जाळ निघतो. मी आगराक्षस आहे. निदान जन्मलो तरी तसा.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात साच्यातून पडलो, करड्या प्लॅस्टिकचा. एका खोक्यात आम्ही एक्केचाळीस जण होतो. चेटकिणी, बुटके, तीन डोक्यांचा साप. निता पुण्यात शिकत होती तेव्हा तिनं आम्हाला विकत घेतलं. आम्हाला रंगवायचं, मग मैत्रिणींबरोबर टेबलावर मांडून खेळायचं, असा तिचा बेत होता.

बेत सात वर्षं बेतच राहिला. परीक्षा झाली की, नोकरी लागली की, लग्न झालं की. तिनं रंग आणले, तीन शून्यांचा बारीक ब्रश आणला, रंगवायचं कसं याचे व्हिडिओ जेवताना शेकड्यानं पाहिले. माणसांना तयारीचा कंटाळा येत नाही, हे मी खोक्यात बसून शिकलो. लग्न होऊन ती कामरगावला आली तेव्हा आम्हीही आलो आणि पलंगाखाली गेलो.

या घरात तिचे सासरे राहतात, शालिग्रामजी. दुकानांच्या पाट्या आणि बैलगाड्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पण गाव त्यांना ओळखायचं ते तान्ह्या पोळ्यामुळे. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहतात ना, त्यातले निम्मे बैल शालिग्रामजींच्या हातचे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगाला लकवा मारला. पाय कसाबसा सावरला, हात मात्र मांडीवर पडून राहिला. यंदा बैल रंगवायला घेऊन आलेल्या लोकांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर ते बोलायचे कमी झाले, मग जेवायचेही. हा माणूस असाच बसून संपेल, अशी भीती निताला वाटू लागली.

पोळ्याला महिना उरला होता. एका रविवारी तिनं खोकं ओढलं, हाताला आला तो मीच निघालो. पितळी पेला पालथा घातला, त्यावर कणकेचा गोळा लावला, त्यात माझे पाय रोवले आणि मला त्यांच्यासमोर ठेवलं.

"काहून चेष्टा करून राह्यली माही?" ते म्हणाले.

"चेष्टा नाही, मामाजी. डाव्या हातानं पाहा. बिघडला तं बिघडला. याची कोनी वाट पाहून नाही राह्यलं."

मला राग आला. सात वर्षं वाट पाहणारा मी तिथेच तर उभा होतो.

पहिला फटकारा माझ्या नाकापासून शेपटीपर्यंत गेला. पुसला. दुसराही तसाच. चार दिवसांत मी तीनदा रंगलो आणि तीनदा कोरा झालो. कणकेला मुंग्या लागल्या त्या वेगळ्या. पाचव्या दिवशी त्यांनी ब्रश अंगणात भिरकावला. दोन दिवस माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, चला, पुन्हा पलंगाखाली.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःच अंगणात गेले आणि ब्रश उचलून आणला. डावं मनगट टेबलावर घट्ट रोवलं. मग त्यांनी उजवा हात डाव्यानं उचलून पेल्याला टेकवला. त्या हातात एवढंच बळ उरलं होतं, अंगठ्यानं पेला जरासा ढकलण्याइतकं. आता ब्रश जागचा हलत नव्हता, मी फिरत होतो. माझ्या शिंगावरून पहिली सरळ रेघ गेली तेव्हा त्यांनी श्वास रोखला होता. मीही रोखला असता. इतका चिवट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

फक्त एक घोटाळा झाला. खोक्यावरचं चित्र त्यांनी पाहिलंच नव्हतं. दोन शिंगं आणि वशिंड दिसल्यावर त्यांना दुसरी कसली शंका येणार? शिंगं हिंगुळी झाली. अंग पांढरं आणि त्यावर गेरूचे ठिपके. पंखांवर लाल झूल चढली, तिला पिवळी किनार. गळ्यात घुंगरमाळ, एकेक घुंगरू मोहरीहून बारीक.

झूल चढली त्या संध्याकाळी निता दवाखान्यातल्या कामावरून आली आणि दारातच थांबली.

"मामाजी, हा बैल नाही. आगीचा राक्षस हाये. उडते हा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "वशिंड हाये की."

"आन् ते पंख हायेत. झूल नाही."

"झुलीखाली पंख असतीन तं असू दे. झाकले तं काय बिघडलं?"

तिनं आगराक्षसाचं चित्र दाखवायला फोन काढला होता, तो परत पिशवीत ठेवला. मला विचाराल तर मीही काही बोललो नसतो. जाळ ओकण्यात असं काय मोठं सुख आहे?

डोळे मात्र बाकी होते. "डोये शेवटी," ते म्हणाले. "डोये उघडले का जनावर पाहाले लागते. मंग त्याले अर्धं सोडता येत नाही." तान्ह्या पोळ्याच्या सकाळी त्यांनी माझे डोळे उघडले. डावा नेमका बसला. उजव्याच्या वेळी अंगठा घसरला आणि बुबुळ कोपऱ्यात गेलं. निता नीट करून देते म्हणाली. त्यांनी नको म्हटलं.

दुपारी ते धोतर नेसले आणि आजारपणानंतर पहिल्यांदा अंगणाबाहेर पडले. पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. तोरणापाशी त्यांचे जुने दोस्त खेमा पूजेचं ताट घेऊन उभे होते.

"शालिग्राम, तुहा बैल कुठी हाये बे?"

शालिग्रामजींनी डावी मूठ उघडली. पोरं हसली. खेमांनी चष्मा लावला, वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग आगपेटीच्या काडीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. गावं जाळायला घडवलेला मी, माझी गावानं पूजा केली.

आता मी खिडकीत असतो. त्यांचा चौदावा बैल रंगतो आहे, तीन डोक्यांचा साप. त्याच्या तिन्ही गळ्यांत घुंगरमाळा आहेत.

माझं तिरकं बुबुळ कायम एकीकडेच पाहतं, पेला फिरवणाऱ्या त्या उजव्या हाताकडे. आज सकाळी अंगठ्याबरोबर शेजारचं बोटही हललं. एकदा नाही, दोनदा. शालिग्रामजींचं लक्ष सापात होतं आणि निता कामावर गेली होती. मी एकट्यानं पाहिलं, आणि मला हाक मारता येत नाही.

कामरगावला आलात तर एवढं त्यांना सांगा.