किटलीच्या जागेवर

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो. पंखा म्हटल्याबरोबर तुम्ही छताकडे पाहिलेत ना? तिथे मी नाही. मी वीतभर उंचीचा आहे. मला वायर नाही, बटण नाही, सेल नाहीत, आणि मी कुणाला गार वारा घालत नाही. तापलेल्या शेगडीवर उभे राहून तिची ऊब पुढे ढकलायची, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. सध्या मी एका फ्लॅटच्या खिडकीत उभा आहे आणि काहीच ढकलत नाही. असे का झाले ते सांगतो. ऐकताना वाईट वाटले तर वाटू द्या. मला ते रोजच वाटते.

कारखान्यात माझे अंग ॲल्युमिनियमचे घडवले, काळा रंग दिला आणि पोटात बिस्किटाएवढी एक चकती बसवली. खालून ताप आणि वरून गारवा मिळाला की ती चकती त्या दोहोंतल्या फरकावर थोडीशी वीज करते. तेवढ्यावर माझी पाती फिरतात. खालचा ताप फार झाला तर मात्र चकतीतले जोड धरणारा डाख वितळतो आणि पंखा कायमचा जातो. म्हणून माझ्या तळाला एक पातळ पट्टी होती. शेगडी भलतीच तापली की ती पट्टी वाके आणि माझा तळ किंचित उचलून धरी. खोक्यात एक पुस्तिकाही होती. तिच्यात लिहिले होते, ‘पंखा शेगडीच्या मागच्या कडेला ठेवावा. मधोमध कधीही ठेवू नये.’ एवढे साधे लिहिले होते.

मला हेटीने विकत घेतले. इंग्लंडमधल्या बॉलिंग्टन गावाजवळच्या कालव्यावर ती आणि तिचा नवरा क्लेम ‘प्लोव्हर’ नावाच्या बोटीत राहत. बोट अशी की रुंदीला दोन माणसे एकमेकांना ओलांडताना पोट आत घेतील, आणि लांबीला मात्र सोळा मीटर. पुढच्या टोकाला शेगडी, मागच्या टोकाला पलंग. पुढे क्लेम बनियनवर बसे आणि मागे हेटी दोन स्वेटर घालून झोपे. तरुणपणी ती सूतगिरणीत होती. तिथला कापूस तिच्या छातीत गेला तो गेलाच. पंधरवड्याला कोळसा विकायला एक बोट येई. तिच्यावर कोळशाच्या गोण्यांशेजारी मी खोक्यात बसलो होतो.

“सेल कुठे घालायचे याला?” क्लेमने मला उलटेपालटे करून विचारले.

“सेल नाहीत. शेगडीवर फिरतो.”

“मग फसवलं तुला. शेगडीवर शेंगदाणे फिरतात, हेटी, पंखे नाही.”

“पुस्तक वाच की जरा.”

“चाळीस वर्षं बसची इंजिनं उघडली मी. त्यांची पुस्तकं वाचली नाहीत, आता या भिरभिऱ्याचं वाचू?”

त्याने पुस्तिकेचा बोळा केला आणि शेगडी पेटवायला वापरला. पण हेटीने ती आधीच वाचली होती. तिने मला मागच्या कडेला ठेवले, मधोमध तिची किटली ठेवली आणि हात पुसले. दहा मिनिटांत माझी पाती हलली. क्लेमने ओटकेकचा, म्हणजे ओटच्या पोळीचा, घास तोंडाकडे नेता नेता थांबवला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो घास खाल्ला. हरल्यावर तो असाच खात असे.

त्या रात्री मागच्या पलंगावर हेटीने एक स्वेटर काढला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा सन्मान.

पुढचे दोन हिवाळे सुखाचे गेले. कालव्याच्या नियमाप्रमाणे दर चौदा दिवसांनी बोट हलवायची, नव्या काठाला दोर बांधायचे, शेगडीतली राख काढायची आणि मी फिरायचे. शेजारच्या बोटींवरची माणसे मला बघायला येत. मग क्लेमच्या अंगात वारे भरे. “पोरगा आपला कामाचा आहे,” असे म्हणून तो माझ्या डोक्यावर टिचकी मारी, जसे काही मला त्यानेच घडवले होते. पुढे तर तो मला बघून शेगडीचा अंदाज घेऊ लागला. मी जोरात फिरलो की शाब्बासकी, सावकाश फिरलो की “आज सुस्तावलाय”. मी सावकाश फिरतो तेव्हा सुखात असतो आणि भरधाव फिरतो तेव्हा माझे पोट भाजत असते, हे त्याला कोण सांगणार? मला पाती आहेत, तोंड नाही.

एका सकाळी शेगडी जरा जास्त तापली आणि माझ्या तळाच्या पट्टीने मला उचलले. मी मागे किंचित कललो. क्लेमने ते पाहिले.

“लंगडतोय हा,” तो म्हणाला. त्याने मला थंड केले, पट्टीचा स्क्रू काढला, तळ कानशीने घासून सपाट केला आणि मला परत ठेवले. “बघ, आता कसा ताठ उभा आहे.”

“ती पट्टी कशासाठी होती?” हेटीने विचारले.

“कशासाठीच नाही. कारखानेवाले उगाच चार तुकडे जास्त लावतात.”

पट्टी खिळ्यांच्या डब्यात गेली. इंजिन उघडणाऱ्या माणसाला एकच खोड असते. जे उघडता येते ते आपल्याला कळलेच, असे त्याला वाटते. तरीही मी मागच्या कडेला होतो, म्हणून निभावले.

तिसऱ्या हिवाळ्यात हेटीला न्यूमोनिया झाला. दोन आठवडे ती इस्पितळात होती. परत आली तेव्हा तिची मुलगी लोरेन बरोबर होती आणि लोरेनच्या हातात गोल काट्याचा तापमापक होता. तिने तो आईच्या उशाशी टांगला.

“बाबा, मी भांडायला आले नाही,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी आईला अठरा अंश सांगितलेत. रविवारी दुपारी बाराला मी येते. काटा अठरावर असला तर फ्लॅटचं नाव काढणार नाही, कधीच.”

“आणि नसला तर?”

“तर आई माझ्याजवळच्या फ्लॅटमध्ये येणार. तू बस इथे बदकांना पाव घालत.”

“बदकं तरी गपगुमान खातात.”

“माझा पण विचार घ्या कुणीतरी,” हेटी पलंगावरून म्हणाली.

“बोल ना, आई.”

“मला बोटीतच राहायचंय. इथे मी पडल्या पडल्या पाणी ऐकते. पण तुझं बरोबर आहे गं. थंडी सोसत नाही आता.”

म्हणजे सगळे माझ्यावर आले. मला त्याची भीती वाटली नाही. मी माझे काम ओळखून होतो.

रविवारी कालवा गोठला होता. सकाळी नऊला काटा पंधरावर होता. क्लेमने शेगडी भरली आणि मी मागच्या कडेवरून माझ्या नेहमीच्या चालीने फिरू लागलो. दहाला सोळा, अकराला सतरा. हेटी तिकडून आकडे ओरडून सांगत होती आणि तिच्या आवाजात हसू होते. याच चालीने बाराला अठरा झाले असते. मी छातीठोकपणे सांगतो, झाले असते.

पण क्लेमला धीर धरवेना. बोटीत अवघडलेल्या वाघासारख्या तीन फेऱ्या त्याने मारल्या. मग शेगडीची हवेची झडप पूर्ण उघडली, आणखी कोळसा ओतला आणि मधोमध असलेली किटली उचलून खाली ठेवली.

“किटली का उतरवलीस?” आवाज ऐकून हेटीने विचारले.

“पंख्याला तिथे बसवतोय. तिथे जास्त ताप आहे.”

“त्याला मागेच राहू दे, क्लेम. पुस्तकात लिहिलं होतं—”

“पुस्तक जळालं, हेटी.”

आणि त्याने मला मानाच्या जागी बसवले. माझी पाती अशी सुटली की ती दिसेनाशी झाली. क्लेम टाळ्या पिटत होता. “बघ, बघ कसा पळतोय पोरगा!” हेटी म्हणाली, “साडेसतरा!” मी तळाकडे पट्टी शोधत होतो. ती असती तर तिने मला उचलले असते. ती खिळ्यांच्या डब्यात होती.

पोटात काहीतरी मऊ झाले, वितळले आणि मी थांबलो. थांबताना आवाजसुद्धा झाला नाही.

क्लेमने मला परत कडेला सरकवले आणि बोटे भाजून घेतली. टिचक्या मारल्या, फुंकर घातली, शिव्याही घातल्या. पुढे शेगडी धडाडून जळत होती, त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि ती सगळी ऊब तिथेच छताला चिकटून राहिली. मागे जायला तिला वाट दाखवणारा कुणी नव्हता. त्यात बाराला लोरेनने दार उघडले तशी बाहेरची थंडीही आत आली.

कोट काढत, घाम पुसत ती मागे गेली. उशाशी वाकून तिने काटा पाहिला.

“सोळा आहेत, आई.”

“मघाशी साडेसतरा होते गं,” हेटी म्हणाली.

“या पंख्याने दगा दिला,” क्लेम म्हणाला. “ऐन वेळी मेला. हलका माल. पहिल्या दिवशीच म्हणालो होतो, फसवलं हिला.”

नाचता येईना, अंगण वाकडे. तीन हिवाळे मी त्याच्या बायकोचे पाय ऊबदार ठेवले आणि शेवटी दगाबाज मीच ठरलो. तो मला कालव्यात फेकायला निघाला होता. हेटीने हात पुढे केला आणि मला मागून घेतले. तिने मला स्वेटरमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवले.

मार्चमध्ये ‘प्लोव्हर’ विकली गेली. घेणारा कॅलम नावाचा एक शांत शिक्षक होता. त्याची बायको गरोदर होती. क्लेम त्याला बोटीतले एकेक दाखवत होता, दोर, पंप, राखेची बादली. कॅलमने नवा पंखा आणला होता. माझ्याच जातीचा, खोक्यासकट. तो पुस्तिका उघडू लागला तशी क्लेमने त्याचा हात धरला.

“वाच, पण त्याआधी ऐक,” क्लेम म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “मागच्या कडेला ठेव. मधोमध कधी नाही, कितीही घाई असली तरी. आणि तळाला एक पट्टी आहे, ती काढू नकोस. तिच्यावाचून पंखा जळतो.”

“तुमचा जळला का?”

क्लेमने होकारार्थी मान हलवली. मग तो वळला. मागे दारात हेटी उभी होती. पिशवी तिच्या खांद्याला होती आणि पिशवीत मी होतो. त्याने खिळ्यांचा डबा केव्हा उघडला, पट्टी हातात घेऊन केव्हा बसून राहिला, मला माहीत नाही. पण त्याला कळले होते आणि त्याने ते सांगितले एका परक्या माणसाला.

“तुला माहीत होतं,” हेटी म्हणाली.

हरला की तो खात असे. आज खायला हातात काही नव्हते.

आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. खिडकीखाली खोली तापवणारी, आत गरम पाणी फिरणारी एक पांढरी पत्र्याची पेटी आहे. तिच्यावर हात ठेवला तर बरे वाटते, पण तिच्या एवढ्याशा उबेवर धडधाकट पंखासुद्धा फिरायचा नाही. खोलीत एकवीस अंश असतात. हेटीचा खोकला कमी झाला आहे, हे मी कबूल करतो. ती या खिडकीशी बसते. इथून कालवा दिसत नाही, वाहनतळ दिसतो.

कधी कधी क्लेम आतल्या खोलीतून खिडकीशी येतो आणि बोटाच्या टोकाने माझे एक पाते ढकलतो. ते अर्धा फेरा घेऊन थांबते.

“राहू दे,” हेटी म्हणते. “आता कशाला.”

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, वस्तू म्हणा नाहीतर माणूस म्हणा, जे कडेला उभे राहून मुकाट्याने घर ऊबदार ठेवते. त्याला मानाच्या जागी बसवण्याआधी ती जागा त्याला सोसते का, एवढे बघा. आणि तुमच्या हातून ते जळलेच, तर “माझ्या हातून झाले” हे घरच्या माणसाला सांगा, त्याच दिवशी. हेटी बोटीवाचून राहायला शिकली आहे. पण त्या मार्चपासून थंडी वाजली तरी ती क्लेमला सांगत नाही; मुकाट्याने स्वतःच स्वेटर चढवते.