मिठाच्या वासावर आलेला गवा

शिरोळकडच्या गणपतरावानं उसाला इतकं पाणी पाजलं, की जमिनीतलं मीठ वर आलं. कडेला पांढरी खपली, मधे गुडघाभर चिखल. त्याची बायको चिमणाबाई आमटीला चिमूट तिथलीच उचलायची. मी खाल्लीय ती आमटी, खोटं कशाला सांगू?

तिकडं राधानगरीच्या जंगलात पाऊस असा कोसळतो, की मातीत मीठ राहतच न्हाय. म्हणून गवा मिठाला कायम वखवखलेला. एकाच्या नाकाला वारं लागलं आणि तो निघाला. वाटेत एसटी आडवी आली. ती अजून ओढ्यात हाय.

सकाळी गवा बांधावर जमीन चाटत होता. त्याला बघून बादशानं दावं तोडलं. बादशा म्हणजे गणपतरावाचा रेडा. घरात पोर नव्हतं. चिमणाबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला.

खडीच्या रस्त्यावर दोघं भिडले. पहिल्याच धडकेला जयसिंगपुरातली शटरं आपोआप खाली आली. दुसऱ्या धडकेला गव्याचं शिंग बादशाच्या बरगडीत गेलं आणि मांसाचा लचका घेऊनच बाहेर आलं. खडी लाल झाली.

"अहो, बघताय काय? लेकरू मरतंय की माझं!" चिमणाबाई किंचाळली.

गणपतराव कुऱ्हाड घेऊन धावला. गव्यानं त्याला शिंगावर घेऊन भिरकावला, तो थेट बाभळीच्या शेंड्यावर. पाठीत काटे, तोंडात रक्त, पण वरनं खूर मात्र स्पष्ट दिसले. गव्याचे आवळ, घट्ट, डोंगराच्या दगडावर चढायचे. बादशाचे पसरट, फाकणारे, जन्म चिखलात गेलेले.

"चिमणे, चिखलात बोलाव त्याला!"

ती चिखलात उतरली. "बादशा, ये राजा, ये की!"

बादशा रक्त सांडत आला. मागनं गवा सुसाट आला आणि पोटापर्यंत रुतला. बादशा वळला. खाली मान घालून त्यानं अशी धडक दिली, की गव्याची मान काडकन मोडली. तरी बादशा थांबेना. मेलेल्याला फाडत सुटला, आतडी शिंगाला गुंडाळली. डोळ्यांत ओळख उरली नव्हती. चिमणाबाई सरळ पुढं गेली आणि नाकाडावर फाडकन ठेवून दिली.

"पुरे की, मुडद्या!"

बादशा तिच्या मांडीवर कोसळला. तिनं लुगड्याचा बोळा जखमेत कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. हाताखाली श्वास चालू होता.

"अगं, मला कोण उतरवणार?" बाभळीवरनं हाक आली.

"बसा तिथंच. हात मोकळं न्हाईत माझं."