धवल्याला उत्तर देणारा ट्रम्पेट

मी कळव्याच्या दौलतचा ट्रम्पेट बोलतोय. हळू बोलणं आमच्या घराण्यातच नाही. तेव्हा कानांत बोटं घातलीत तरी मला राग नाही.

मेरठच्या एका कारखान्यात पितळेच्या पत्र्यातून माझा जन्म झाला. दौलतने मला घरी आणलं आणि पहिल्यांदा भीमजयंतीच्या मिरवणुकीत फुंकलं. त्याच्या गोवेकर गुरुजींनी त्याला जॅझ शिकवलं होतं. जॅझची रीत मजेची. एकाने सुरांतून विचारायचं, दुसऱ्याने सुचेल ते उत्तर द्यायचं. दौलतने क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, ढोलकी जमवली आणि 'कळवा जॅझ पार्टी' उभी केली. भीमगीतात जॅझ, जॅझमध्ये कोळीगीत! नाकं मुरडणारे होतेच, पण त्यांचेही पाय ताल धरायचे. पाय काही मालकाचं ऐकत नाहीत.

मग डीजे आला. आमच्या सुपाऱ्या आटल्या आणि मी खुंटीला लटकलो. माणसं टीव्ही रोज पुसतात, माझ्यावर मात्र धूळ साचत गेली. फार वाईट वाटायचं.

दौलतच्या मुलीने, समीक्षाने, मला खाली उतरवलं आणि ती हट्टाने मला वाजवायला शिकली. दिवा स्टेशनजवळच्या एका आगरी घरातून हळदीला वाजवायची सुपारीही आली. निघताना दौलत म्हणाला, "समे, ही शेवटची. आज लोकांनी डीजे मागितला ना, तर पार्टी बंद. सगळी वाद्यं विकून टाकू." माझी तिन्ही बटणं गारठली.

मांडवात शेवंतीआजी बसली होती. ती धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले गाणारी मानाची बाई. धवला मध्येच तोडायचा नाही, हा त्या घरचा दंडक. आजीने ओळ लांबवली आणि श्वास घ्यायला थांबली. समीक्षाला वाटलं, गाणं संपलं. तिने मला जोरात फुंकलं!

बायकांनी डोळे वटारले. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, डीजेवाल्याला फोन लाव रे!" दौलतने मान खाली घातली.

आजी मात्र समीक्षाकडे बघत म्हणाली, "थांबलीस कशाला गो? इतकी वरसं एकलीच गातंय मी. त्या डीजेनं कवा जाब दिला मना? वाजव!"

तिने पुढची ओळ म्हटली, मी उत्तर दिलं. तिने सूर चढवला, मी त्याच्याही वर गेलो. क्लॅरिनेट धावत आलं, ढोलकी घुमली. रुसलेल्या बायका फेर धरून नाचू लागल्या आणि नवरदेव हळदीच्या अंगानेच त्यांच्यात शिरला. डीजेचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

आता आजी आमच्या पार्टीत मधल्या खुर्चीवर बसून गाते. कल्याण, डोंबिवली, ठाणे, सगळीकडे तिला मीच उत्तर देतो. तुमच्याही घरात एखादं वाद्य मुकं पडलं असेल, तर त्याला एकदा वाजवून बघा. चुकलात तरी चालेल.

परवा दौलतला फोन आला. त्याने कॅलेंडर चाळलं आणि छाती फुगवून म्हणाला, "मे महिना? मे फुल्ल आहे, भाऊ! डीजे बघा एखादा."